मधुमेहाचे मरण : देशोदेशीचे आकडे आणि आपला तालुका

मधुमेह हा कोणत्याही एका देशाचा, वर्गाचा किंवा वयोगटाचा रोग राहिलेला नाही, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. त्याच विधानाच्या पोटात दडलेला एक प्रश्न मात्र आपल्या परिसंवादांत क्वचितच चर्चिला जातो. रोग जर सर्वत्र आहे, तर त्याने येणारे मरण सर्वत्र सारखे का नाही? जपानमध्ये मधुमेहाच्या नावावर नोंदले जाणारे मृत्यू अत्यल्प, तर फिजी, मॉरिशस, मेक्सिको या देशांत तो मृत्यूच्या अग्रगण्य कारणांपैकी एक. रक्तातील शर्करा तीच, वृक्क तेच, हृदय तेच. मग हे अंतर कोठून आले?

या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा केवळ आकडेशास्त्राचा विषय नव्हे. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी बसून रोज प्रमेही रुग्ण तपासणाऱ्या वैद्याच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. तो कसा, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

एका रोगाचे तीन हिशेब

प्रथम जागतिक आकड्यांकडे पाहू. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मधुमेह अ‍ॅटलासच्या दहाव्या आवृत्तीने २०२१ या वर्षी मधुमेहामुळे ६७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्याच महासंघाच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अकराव्या आवृत्तीत २०२४ या वर्षासाठी हा अंदाज ३४ लाखांवर आला. जागतिक आरोग्य संघटना २०२१ साली मधुमेह हे थेट कारण असलेले मृत्यू १६ लाख मानते. मधुमेहजन्य वृक्कविकाराचे सुमारे ५ लाख ३० हजार मृत्यू ती त्यापासून वेगळे मोजते.

तीन वर्षांत जगातील मधुमेहाचे मरण निम्म्यावर आले, असा याचा अर्थ मुळीच नाही. बदलली ती मोजण्याची पद्धत. संघटना मुख्यतः मृत्यूचे मूळ कारण म्हणून नोंदला गेलेला मधुमेह मोजते. महासंघ मात्र मधुमेही आणि अमधुमेही यांच्या मृत्युधोक्यातील फरक काढून त्यावरून अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब मांडतो; त्यात हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने गेलेले मधुमेहीही येतात. एक हिशेब रोगाचे नाव पाहतो, तर दुसरा रोगाची सावली मोजतो.

रुग्णसंख्येचीही हीच गत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ साली भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले. महासंघाच्या अकराव्या आवृत्तीत हा आकडा सुमारे ९ कोटी आहे. २०२४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात तो २१ कोटींवर गेला आहे. निदानाचे निकष, वयोगट आणि गणिताची रीत बदलली की रुग्ण वाढतात वा घटतात. म्हणून देशादेशांची तुलना करताना 'आकडा किती' या प्रश्नाच्या आधी 'आकडा कसा काढला' हा प्रश्न विचारला पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. मधुमेहाचे मरण बहुधा उतारवयात येते. जपानमध्ये दर शंभरांत सुमारे २९ माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. भारतात हे प्रमाण सुमारे ७ आहे. म्हाताऱ्यांच्या गावात मृत्यू अधिक व्हावयाचेच. तेव्हा दोन्ही देशांची वयरचना सारखी धरून काढलेला 'वयप्रमाणित' दरच तुलनेस योग्य होय. वर्तमानपत्रांत येणाऱ्या क्रमवारीत हा भेद अनेकदा पाळलेला नसतो.

दाखल्यावरील ओळ

मृत्युदरांतील अंतराचे पहिले कारण आपल्या लेखणीत आहे. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०२१ साली १ लाख ३ हजार २९४ मृत्यूंच्या दाखल्यांवर मधुमेह हे मूळ कारण होते. मूळ कारण किंवा सहकारी कारण म्हणून मधुमेहाचा नुसता उल्लेख असलेले दाखले मात्र ३ लाख ९९ हजार ४०१ होते. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, दाखल्यावरील कोणती ओळ वाचावयाची यावर मधुमेहाचे मरण जवळजवळ चौपट होते. हृदयविकाराच्या झटक्याने गेलेल्या मधुमेहीचे मूळ कारण कोणते मानावे, याविषयी निरनिराळ्या देशांतील चिकित्सकांच्या सवयी भिन्न आहेत. जपानमध्ये एक कोटीच्या आसपास मधुमेही असूनही वर्षाला सुमारे १४ हजार मृत्यूच या रोगाच्या नावावर लागतात, यामागे उत्तम चिकित्सेबरोबर ही लेखनपद्धतीही असते.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. एक रोग दुसऱ्या रोगाचे निदान, म्हणजे हेतू, बनतो, हे चरकसंहितेच्या निदानस्थानात आठव्या अध्यायात स्पष्टपणे प्रतिपादिले आहे. निदानार्थकर रोगाची ही संकल्पना आणि आजच्या मृत्युप्रमाणपत्रावरील कारणांची साखळी यांचे मर्म एकच आहे. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात वरच्या ओळीवर तात्काळ कारण, त्याखाली ते ज्याच्यामुळे उद्भवले ते कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहावयाचे असते. प्रत्येकापुढे त्याचा कालावधी द्यावयाचा असतो. मृत्यूस हातभार लावणारे, पण साखळीबाहेरचे रोग दुसऱ्या भागात येतात.

समजा, बारा वर्षांपासून मधुमेह असलेल्या एका शेतकऱ्याच्या पायाला जखम झाली, पाय काळा पडला, रक्तात विष पसरले आणि तो दगावला. येथे पहिल्या ओळीवर रक्तदोष म्हणजे सेप्सिस, दुसरीवर पायाचा कोथ म्हणजे गँगरीन आणि तिसरीवर मधुमेह, बारा वर्षे, असे लिहिले गेले पाहिजे. प्रत्यक्षात अनेक दाखल्यांवर 'हृदयक्रिया बंद पडणे' एवढेच आढळते. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते! ते मृत्यूचे कारण नसून मृत्यूचे वर्णन आहे. याउलट, मधुमेही माणूस सर्पदंशाने गेला, तर केवळ तो मधुमेही होता म्हणून साखळीत मधुमेह ओढून आणणे हेही तितकेच चूक.

भारतात ही अडचण फार मोठी आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांची नोंद झाली, पण कारण कोणा चिकित्सकाने लिहिले नाही. घरी झालेल्या मृत्यूपुढे 'म्हातारपण', 'ताप', 'अशक्तपणा' असे शब्द येतात. अशा नोंदींवरून भारताचा मधुमेह-मृत्युदर ठरविणे म्हणजे तुटलेल्या मापाने धान्य मोजणे होय. म्हणूनच महानिबंधक कार्यालयाला नमुना नोंदणी पद्धतीत घरोघरी जाऊन, नातेवाइकांना विचारून कारण ठरविण्याची रीत अवलंबावी लागली.

रोग थोडा, मरण अधिक

लेखनातील हा सर्व फरक वजा केला, तरी खरे अंतर उरतेच, आणि तेच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

मेक्सिको शहरात १९९८ ते २००४ या काळात सुमारे दीड लाख प्रौढांची नोंद करून पुढे अनेक वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशांतील अभ्यासांत मधुमेहीचा मृत्युधोका अमधुमेहीच्या सुमारे दुप्पट आढळतो. मेक्सिकोत ३५ ते ७४ या वयोगटात तो जवळजवळ चौपट निघाला. या वयातील सर्व मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यूंचा भार मधुमेहावर पडत होता. वृक्कविकार, जंतुसंसर्ग आणि शर्करेचे तीव्र आकस्मिक विकार यांनी ही माणसे जात होती. म्हणजेच जे उपद्रव वेळीच ओळखता व रोखता येतात, नेमक्या त्यांनीच. त्याच २०१६ साली मेक्सिकोच्या शासनाला मधुमेहाबाबत राष्ट्रीय साथरोग-आणीबाणी घोषित करावी लागली.

चीनचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा वाटेल. तेथे पाच शहरी व पाच ग्रामीण विभागांतील पाच लाखांहून अधिक प्रौढांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि २०१७ साली त्याचा निष्कर्ष पुढे आला. शहरी भागात मधुमेहींचे प्रमाण ८.१ टक्के होते, ग्रामीण भागात ४.१ टक्के, म्हणजे साधारण निम्मे. पण मधुमेहीचा मृत्युधोका शहरात अमधुमेहीच्या १.८३ पट, तर खेड्यात २.१७ पट होता. शहरात रोग अधिक. खेड्यात रोग्याला मरण अधिक. भारतासह अनेक देशांत झालेल्या 'प्युअर' या अभ्यासातही गरीब देशांतील मधुमेहींची मृत्युसंख्या श्रीमंत देशांतील मधुमेहींहून जास्त आढळली.

आता दुसऱ्या टोकाला स्वीडन पाहा. तेथील राष्ट्रीय मधुमेह-नोंदवहीतील दोन लाख ७१ हजार रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शर्करा, रक्तदाब, रक्तातील मेद, मूत्रातील अल्ब्युमिन आणि धूम्रपान या पाचही बाबी ज्यांच्या आटोक्यात होत्या, त्या प्रकार दोनच्या मधुमेहींचा मृत्युधोका सर्वसामान्य माणसाहून जेमतेम अधिक होता. मधुमेह होता, मधुमेहाचे मरण जवळजवळ नव्हते.

आपल्याकडे काय आहे? इंडियाब पाहणीत ज्यांना आपला मधुमेह ठाऊक होता, अशा रुग्णांतही शर्करा ३६.३ टक्क्यांची, रक्तदाब ४८.८ टक्क्यांचा आणि अपायकारक मेद ४१.५ टक्क्यांचा नियंत्रणात होता. तिन्ही बाबी एकाच वेळी आटोक्यात असलेले रुग्ण केवळ ७.७ टक्के. आणि हे ज्यांना रोग ठाऊक आहे त्यांचे झाले. २०२४ च्या जागतिक अभ्यासानुसार तीस वर्षांवरील १३ कोटींहून अधिक भारतीय मधुमेही २०२२ साली कोणतेही औषध घेत नव्हते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात प्रमेहाची गणना आठ महारोगांत केली आहे आणि उपद्रवांनी व पिडकांनी युक्त झालेला प्रमेह मारक होतो, असे तेथेच म्हटले आहे. मेक्सिको, चीन आणि स्वीडन येथील लक्षावधी रुग्णांची आकडेवारी वेगळे काही सांगत नाही. मृत्युदर हा रोगाच्या प्रसाराचा आरसा नाही. रोगाची सुरुवात आणि उपद्रवांची ओळख यांमधील काळ वाया किती गेला, याचा तो जमाखर्च आहे.

मॉरिशसमधील मराठी माणसे

या क्रमवारीत एक देश असा आहे की ज्याच्याकडे मराठी वाचकाने थांबून पाहावे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून भारतीय गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा जपली आहे. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. अशा या बेटावर हृदयविकार आणि मधुमेह ही वर्षानुवर्षे मृत्यूची पहिली दोन कारणे राहिली आहेत.

१९८७ साली तेथे असंसर्गजन्य रोगांची पहिली राष्ट्रीय पाहणी झाली. अपेक्षेविरुद्ध मधुमेह केवळ भारतीय वंशीयांतच नव्हे, तर आफ्रिकी मिश्रवंशीय आणि चिनी वंशाच्या रहिवाशांतही तितकाच बळावलेला दिसला. 'हे आमच्या रक्तातच आहे' असे म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर होते : वंश वेगळे, पण बदललेला आहारविहार एकच. शासनाने शिधापत्रिकेवरील खाद्यतेल पामऐवजी मुख्यतः सोयाबीनचे केले. १९९२ पर्यंत लोकसंख्येची सरासरी कोलेस्टेरॉल पातळी ठळकपणे खाली आली. मधुमेह मात्र हटला नाही. त्याचे प्रमाण वाढत जाऊन २००९ च्या पाहणीत प्रौढांमध्ये पाचातील एकाच्या वर गेले.

मॉरिशसचा मृत्युदर इतका उंच दिसण्याचे एक कारण तेथील चोख नोंदणी हे आहे. जवळजवळ प्रत्येक मृत्यू नोंदला जातो आणि त्याचे कारण चिकित्सक लिहितो. सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत असूनही दर उंच राहतो, यावरून दुसरीही गोष्ट दिसते. औषध मिळणे ही आवश्यक गोष्ट आहे, पण तेवढ्याने भागत नाही. रोग मुळातच इतका पसरला की चिकित्सा त्याच्या मागे धावत राहते. ज्यांच्या पणजोबांनी उसाच्या शेतात घाम गाळला, त्यांची पतवंडे साखरेच्या व्याधीने जावीत, हा दैवदुर्विलास खराच. तथापि त्याकडे दैव म्हणून पाहणे आपल्या शास्त्राला मान्य नाही.

इन्सुलिन : जीवन-मरणाची सीमा

देशादेशांतील अंतर सर्वांत क्रूरपणे दिसते ते बालकांच्या, म्हणजे प्रकार एकच्या मधुमेहात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, दहा वर्षांच्या मुलाला २०२१ साली हा रोग जडला, तर श्रीमंत देशांत त्याला सरासरी आणखी ६५ वर्षांचे आयुष्य अपेक्षित होते. अत्यंत गरीब देशांत ते १३ वर्षे होते. त्याच वर्षी सुमारे ३५ हजार रुग्ण निदान होण्यापूर्वीच, लक्षणे सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत दगावले असावेत, असेही तो अंदाज सांगतो. १९२१ साली टोरांटो येथे शोधले गेलेले इन्सुलिन शंभर वर्षांनंतरही त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचले नव्हते.

येथे आपल्या व्यवसायाची एक जबाबदारी निःसंदिग्ध शब्दांत सांगणे अगत्याचे वाटते. चरकाचार्यांनी बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य म्हटला आहे आणि कृश, दुर्बल प्रमेहीचा विचार स्थूल प्रमेहीहून वेगळा केला आहे. अशा मुलाचे इन्सुलिन बंद करावयास सांगणे हा शास्त्राचा अभिमान नव्हे, शास्त्राचा अनादर होय. 'पंधरा दिवसांत इंजेक्शन सुटेल' असे सांगून घटकांची नावेही न छापलेल्या पुड्या विकणारे आठवडी बाजारांत आढळतात. त्यांच्या आश्वासनावर एखादे मूल आठवडाभर इन्सुलिनविना राहिले, तर ते बेशुद्ध होऊन दगावू शकते. सतत तहान, वारंवार लघवी, झपाट्याने घटणारे वजन, उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास ही लक्षणे दिसणारे मूल आपल्याकडे आले, तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शर्करा तपासावी आणि त्याच तासात त्याला रुग्णालयाकडे रवाना करावे.

नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर

आता आपल्या तालुक्याकडे वळू. इंडियाब पाहणीचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहींचे प्रमाण १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. म्हणजे चीनमधल्यासारखेच : शहरापेक्षा खेड्यात कमी. या आकड्यावर समाधान मानणारा चीनच्या अनुभवाचा उत्तरार्ध विसरतो.

नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे ठिकाण अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, यवतमाळच्या रस्त्यावर आहे. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. पण मंगरूळ चव्हाळा, लोणी यांसारख्या गावांच्या पलीकडील वस्तीवरून येथे येणे, येथून पुढे अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा सुपर स्पेशालिटीत जाणे, ही शेतमजुराच्या दृष्टीने एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे यांची बाब आहे. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत तो दिवस निघत नाही. शहरातील रुग्ण ज्या जखमेसाठी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो, त्याच जखमेवर येथे हळद भरून तीन आठवडे काढले जातात. मृत्युदरातील अंतर या तीन आठवड्यांत तयार होते.

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या पायाचा प्रश्न स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. पऱ्हाटी उपटल्यानंतर किंवा तूर सोंगल्यानंतर शेतात धसकटे राहतात. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने चालणाऱ्याला ती बोचतात. ज्याच्या पायाची संवेदना शाबूत आहे तो ओरडतो, बसतो, काटा काढतो. ज्याचे तळपाय मधुमेहाने बधिर झाले आहेत, त्याला संध्याकाळी रक्ताचा डाग पाहिल्यावर कळते, किंवा कळतही नाही. अमरावतीजवळच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांची सेवा उभारली, त्यामुळे बधिर पायाचे दुःख या जिल्ह्याला नवे नाही. कुष्ठरोगातील बधिर पायाचे शास्त्र दक्षिण भारतात वेल्लोर येथे घडविणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत तेच ज्ञान मधुमेहींच्या पायासाठी वापरले. वेदना हे शरीराचे रक्षण आहे. ती गेली की डोळ्यांनी रक्षण करावे लागते, हे त्याचे सार.

हस्तपादांची बधिरता व दाह यांची गणना आपल्या संहितांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांतच केली आहे. तळव्याची आग होते म्हणून आलेल्या रुग्णाला केवळ पादाभ्यंग सांगून परत पाठविणे योग्य नाही. त्याची शर्करा तपासलीच पाहिजे.

आहाराचेही तसेच. गेल्या काही दशकांत वऱ्हाडच्या शिवारात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि सोयाबीनचे वाढले. कळण्याच्या भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने आणि भाताने घेतली. दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा आला. चौकात आलुबोंडा आणि समोसा आला. पूर्वी बैलामागे चालणारा माणूस आता मोटारसायकलवरून शेतात जातो. आस्यासुख आणि स्वप्नसुख, म्हणजे बसण्याचे व झोपण्याचे सुख, हे प्रमेहाचे हेतू केवळ पेठेतल्या सावकाराला लागू होते, ते दिवस गेले.

'आपली माणसे तर सडपातळ आहेत' हा दिलासाही फसवा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा जो अभ्यास केला, त्यातून भारतीय बालक वजनाने कमी, पण तुलनेने मेदाने अधिक असे जन्मते, हे पुढे आले. २००४ साली त्यांनी व ब्रिटिश संशोधक डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले : दोघांचाही देहभारांक २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! हाडकुळ्या दिसणाऱ्या शेतमजुराच्या पोटाचा घेर मोजल्याशिवाय आणि शर्करा तपासल्याशिवाय त्याला निर्धोक म्हणता येत नाही.

आपल्या हातातील कामे

मधुमेहासह असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. आज तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातील उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या लक्षणीय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते आहेत आणि खेड्यातील खासगी दवाखाना तर बहुधा वैद्याचाच. तेव्हा ग्रामीण मधुमेहीचे पुढे काय होणार, हे ठरविणाऱ्या पहिल्या खुर्चीवर आपणच बसलेलो आहोत.

त्या खुर्चीवरून करावयाची कामे महागडी नाहीत. तीस वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची, तो खोकल्यासाठी आला असला तरी, वर्षातून एकदा शर्करा पाहावी. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम वा अधिक आल्यास फेरतपासणीने निदान पक्के करावे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने अशा रुग्णांत केवळ ग्लायकेटेड हिमोग्लोबिनवर विसंबू नये; ते फसवे ठरू शकते. मधुमेहीला क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पट असतो. म्हणून दीर्घकाळ खोकणाऱ्या मधुमेहीची थुंकी आणि क्षयरुग्णाची शर्करा, दोन्ही तपासाव्यात.

प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले होते. मधुमेहाचे मरण टाळण्याचे एक प्रभावी साधन आपल्या टेबलावरच पडून असते. वर्षातून एकदा मूत्रातील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि दृष्टिपटल यांची तपासणी करवून घ्यावी. वृक्क दुर्बल झाल्याचे आढळल्यास रसकल्पांसह सर्वच औषधयोजनेचा फेरविचार करावा. तंबाखू व खर्रा सोडविण्याचा आग्रह धरावा. तो आपल्या भागात औषधाइतकाच मोलाचा आहे. आणि रुग्णाला चप्पल काढावयास सांगून त्याचे तळवे स्वतः पाहावेत. पथ्यापथ्य, व्यायाम आणि दिनचर्या यांचे मार्गदर्शन हे तर आपले बलस्थान. सर्व प्रमेहांची काळाच्या ओघात उपेक्षा झाली तर त्यांचे मधुमेहात पर्यवसान होते, या सुश्रुतमताचा व्यवहारातील अर्थ एवढाच की उपेक्षेचा काळ कमी करावा.

शेवटचे काम लेखणीचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या सुधारणेने प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निःशुल्क देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. संस्थेतील मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेरील मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे. ज्याची अखेरच्या आजारात आपण चिकित्सा केली, त्याच्या मृत्यूची साखळी पूर्ण आणि सत्य लिहावी. दाखल्यावर 'मधुमेह, बारा वर्षे' असे लिहिले गेले, तर त्याच्या मुलांची तपासणी करण्याचे कारण घरात राहते. तालुक्याला पायाच्या चिकित्सेची आणि डायलिसिसची किती गरज आहे, हे जिल्ह्याला कळते. आणि देशाच्या हिशेबात तो माणूस मोजला जातो. 'हृदयक्रिया बंद' असे लिहिले गेले, तर यांतले काहीच होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेली उद्दिष्टे साधी आहेत : शंभरातील ८० मधुमेहींचे निदान झालेले असावे, निदान झालेल्यांपैकी ८० जणांची शर्करा आणि ८० जणांचा रक्तदाब आटोक्यात असावा, चाळिशीपुढील ६० जणांना मेद कमी करणारे औषध मिळावे आणि प्रकार एकच्या प्रत्येक रुग्णाला परवडणारे इन्सुलिन मिळावे. वैद्यबंधु-भगिनींनी आपापल्या दवाखान्यापुरता हा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे येणाऱ्या मधुमेहींची यादी किती नावांची, गेल्या तीन महिन्यांत त्यांतील कितीजण आले, कितींचा रक्तदाब मोजला गेला आणि कितींचे तळवे पाहिले गेले, एवढे चार स्तंभ एका वहीत पुरेत. यादीतील जे तीन महिन्यांत फिरकले नाहीत, त्यांच्या घरी आशाताईंमार्फत निरोप धाडावा. पुढील खरिपाची पेरणी सुरू होण्याआधी हे काम व्हावे. एकदा पाऊस पडला की शेतकरी दवाखान्याकडे वळत नाही, आणि चिखलातील जखम थांबत नाही.